ग्रहांची चाल आणि बाजाराचे भाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा कामगार कायदे, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय कळवला, ‘ग्रहांची चाल आणि बाजाराचे भाव’. त्यावर चिटणीसांचा फोन आला. ते अदबीने म्हणाले, “साहेब, विषय चुकून दुसऱ्या वक्त्याचा तर आला नाही ना?” आम्ही म्हटले, नाही, आमचाच आहे. ज्याची शाळा आठवीत सुटली आणि ज्याचे अर्थशास्त्र पगाराच्या पावत्या व कंपन्यांचे ताळेबंद चाळून झाले, त्या माणसाने ज्योतिष आणि शेअरबाजार अशा दोन गहन शास्त्रांवर एकाच संध्याकाळी बोलावे, हे धाडस आहे खरे. पण या विषयाचे आमच्यावर एक देणे आहे. ते कसे, हे आधी सांगतो.

आमच्या युनियनचे एक सभासद होते. तेवीस वर्षे लेथवर उभे राहिले. हात असा की, सुताभराचा फरक नजरेने सांगावा. कारखाना बंद पडला, हिशेब होऊन त्यांच्या हाती अकरा लाख रुपये आले. तीस-पस्तीस हजारांच्या पगारावर संसार केलेल्या माणसाला अकरा लाख म्हणजे समुद्र वाटतो. तो आटेपर्यंत त्याला तळ दिसत नाही. त्यांनी मोबाइलवर एक शिकवणी लावली. ग्रहांच्या मागील स्थितीवरून शेअरबाजाराचे पुढील भाव कसे ओळखावेत, याची. एके दिवशी वही घेऊन ते युनियनच्या कचेरीत आले आणि म्हणाले, “जरा बघता का? मागच्या वीस वर्षांचे जुळवलंय.” त्या दिवशी आमच्यासमोर कराराचा मसुदा होता, चार माणसे बसली होती. आम्ही हसलो. “काय हो, आता शनी-मंगळाकडून महागाईभत्ता घेणार का?” असे काहीसे बोललो. चौघेही हसले. ते गृहस्थ वही मिटून निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. आठ महिन्यांनी त्यांच्या घरच्या वहिनी आल्या. वही त्यांच्या हातात होती. अकरा लाखांतले साडेआठ गेले होते.

त्या दिवशी हसण्याऐवजी आम्ही अर्धा तास वही पाहिली असती तर? पैसे वाचलेच असते असे नाही. पण माणूस एकटा पडला नसता. म्हणून आजचे हे व्याख्यान. आज आम्ही हसणार नाही. वही उघडून बसू.

प्रथम त्या विद्येचे म्हणणे काय ते नीट समजून घेऊ. विरुद्ध बाजूचे म्हणणे आधी नीट मांडावे आणि मग उत्तर द्यावे, हा वाटाघाटीच्या मेजावरचा पहिला धडा आहे. म्हणणे असे. बाजाराच्या मोठ्या पडझडी केव्हा झाल्या त्या तारखा घ्या. त्या दिवशी पंचांगात ग्रह कोठे होते ते पाहा. सारखेपणा आढळला की तो टिपून ठेवा. ग्रहांची गती ठरलेली आहे. गुरू सुमारे बारा वर्षांनी, शनी साडेएकोणतीस वर्षांनी त्याच राशीत येतो. गुरू-शनींची युती वीस वर्षांनी होते. तेव्हा तीच स्थिती पुन्हा केव्हा येणार हे आजच सांगता येते. म्हणून बाजार केव्हा पडणार हेही आजच सांगता येईल.

यात वेडगळ असे काय आहे? वरवर पाहता काही नाही. ग्रहणाचे भाकीत असेच तर होते! पंचांगात छापलेल्या वेळेला ग्रहण लागते, घड्याळ लावून घ्यावे इतके अचूक. आणि आपल्या देशात ही विद्या परकी नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मालाच्या महागाई-स्वस्ताईवर स्वतंत्र अध्याय आहे. पूर्वीच्या काळी भाव म्हणजे धान्याचा भाव, आणि धान्य म्हणजे पाऊस. आकाशाकडे पाहून भावाचा अंदाज करणारा शेतकरी किंवा वाणी मूर्ख नव्हता. ढग आकाशातच येतात.

परंतु आकाशाच्या विद्येचे दोन विभाग आहेत. एक गणिताचा, दुसरा फळाचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त आपल्या पूर्वजांनी पहिल्या विभागात केवढे काम केले ते साधार दाखवून दिले. त्या गणिताबद्दल आम्हांला आदरच आहे. गडबड होते ती पुढे. गणिताने कमावलेली पत फळज्योतिष उसनी घेते. ग्रहण खरे ठरले, म्हणून ग्रहणाचे फळही खरे ठरेल, असे आपण न कळत धरून चालतो. मुनीमजींची सही खरी आहे, म्हणून खाली लिहिलेली रक्कमही खरी असेलच असे नाही. ती वेगळी तपासावी लागते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे आपल्याकडच्या भोळ्या लोकांचे खूळ आहे, साहेबाच्या देशात असे चालत नाही. तसे मुळीच नाही. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा मोठा अर्थशास्त्रज्ञ. 1871 साली त्याने लिहिलेला अर्थशास्त्राचा ग्रंथ आजही मानला जातो. या गृहस्थाने 1875 साली असा विचार मांडला की, सूर्यावरील डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होतात; त्याने सूर्याची उष्णता बदलते; त्याने पीक बदलते; त्याने धान्याचे भाव आणि अखेर नाणेबाजार बदलतो. इतकेच नव्हे, तर सूर्यावर जर ग्रहांचा ताबा असेल, तर ग्रहांची रचना हेच व्यापारी संकटांचे दूरचे कारण ठरेल, असेही त्याने सुचवून ठेवले. म्हणजे आमचे लेथवाले सभासद आणि लंडनचा प्रोफेसर एकाच वाटेवर होते.

या जेव्हन्सचा आपल्या देशाशीही संबंध आहे. 1876 ते 1878 या वर्षांत दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. त्याच सुमारास विल्यम हंटर यांनी मद्रासचा पाऊस आणि सूर्यावरचे डाग यांची सांगड घालणारा निबंध लिहिला. जेव्हन्सने दुवा पुढे नेला. हिंदुस्थानात पीक बुडाले की, रयतेपाशी कापड घ्यायला पैसा राहत नाही. मग लँकेशायरच्या गिरण्यांचा माल पडून राहतो. मग इंग्लंडात संकट येते. दिल्लीच्या गव्हाच्या जुन्या भावांतही त्याने हे चक्र शोधले. यातला एक भाग आम्हांला पटतो. रयत उपाशी राहिली की, सात समुद्रांपलीकडची गिरणी थांबते, हे खरे आहे आणि ते कोणी विसरू नये. पण सूर्याच्या डागांचे काय झाले?

झाले असे. पहिल्या निबंधात त्याने मध्ययुगातले इंग्लंडचे धान्याचे भाव घेतले आणि त्यांत अकरा वर्षांचे चक्र दिसल्याचे सांगितले. पुढे त्यालाच आढळले की, त्याच आकड्यांतून निराळ्या मुदतींची चक्रेही तितक्याच सफाईने निघतात. तेव्हा त्याने तो निबंध मागे घेतला. हा त्याचा प्रामाणिकपणा. पण कल्पना काही सुटली नाही. व्यापारी संकटांमधले सरासरी अंतर साडेदहा वर्षांच्या आतबाहेर येत होते, आणि डागांचे चक्र अकराच्या वर होते. दोन्हींचा मेळ बसेना. इतक्यात एका शास्त्रज्ञाने डागांचे चक्रही 10.45 वर्षांचे असल्याचे मत मांडले. जेव्हन्सने ते आनंदाने उचलले. 1882 साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, समुद्रात पोहताना तो बुडाला. तोवर त्याची या कल्पनेवरची निष्ठा कायम होती. पुढे डागांचे चक्र आपले अकराच्याच आसपास फिरत राहिले आणि संकटे मात्र मनाला येईल तेव्हा येत राहिली.

मित्रहो, आम्ही जेव्हन्सला हसत नाही, याचे आणखी एक कारण आहे. हे पाप आम्ही स्वतः केलेले आहे. पगारवाढीची मागणी लिहिताना महागाईची तुलना कोणत्या वर्षाशी करायची, हा प्रश्न असतो. आम्ही बरोबर असे वर्ष निवडतो की, जेव्हा भाव तळाला होते; म्हणजे महागाई डोंगराएवढी दिसते. व्यवस्थापन असे वर्ष निवडते की, जेव्हा भाव आधीच चढलेले होते. म्हणजे महागाई टेकडीएवढी दिसते. दोघांचेही आकडे सरकारी, दोघेही खरे बोलतात, आणि दोघांचाही निष्कर्ष हिशेबाच्या आधी ठरलेला असतो. मेजावर हे चालते, कारण समोर दुसरा पक्ष बसलेला असतो आणि तो आमचा कान पिळतो. पण एकट्याने रात्री वही घेऊन बसलेल्या माणसासमोर दुसरा पक्ष नसतो. मागणी करणारा तोच, मान्य करणारा तोच.

जेव्हन्सनंतर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाचे हेन्री मूर आले. त्यांनी 1923 सालच्या पुस्तकात सूर्याऐवजी शुक्राला धरले. शुक्र सुमारे 584 दिवसांनी सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये येतो. अशा पाच फेऱ्यांचे 2,920 दिवस होतात, आणि आठ वर्षांचेही 365 प्रमाणे तितकेच. म्हणून दर आठ वर्षांनी पाऊस, पीक आणि धंदा यांचे चक्र फिरते, असे त्यांचे म्हणणे. गुणाकार बिनचूक आहे. बाजाराने मात्र तो कधी मनावर घेतला नाही.

आता आपल्याच बाजाराकडे वळू. त्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एक शोध होता, ‘शनी मकरेत, बाजार गडगडला’. पुरावा दोन तारखांचा. 28 एप्रिल 1992 रोजी सेन्सेक्स एका दिवसात 570 अंशांनी, म्हणजे जवळजवळ तेरा टक्क्यांनी पडला. शनी मकरेत होता. 23 मार्च 2020 रोजी तो 3,900 अंशांहून अधिक, म्हणजे पुन्हा तेरा टक्क्यांवर पडला. शनी पुन्हा मकरेत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्ही पंचांगातही पाहिले आणि भावांच्या नोंदीतही. ऐकून अंगावर काटा यावा असे हे जुळणे आहे.

पण शनी हा दोन दिवसांचा पाहुणा नाही. तो एका राशीत अडीच वर्षे मुक्काम करतो. तेव्हा त्या दोन दिवसांपुरते न पाहता पूर्ण मुक्काम पाहू. डिसेंबर 1990 पासून मार्च 1993 पर्यंत शनी मकरेत होता. त्याच मुक्कामात, जानेवारी 1992 च्या मध्यावर सेन्सेक्सने 2,000 ओलांडले आणि मार्च संपण्यापूर्वी 4,000. अडीच महिन्यांत दुप्पट! मग दुसरा मुक्काम. 24 जानेवारी 2020 रोजी शनी मकरेत आला आणि एप्रिल 2022 अखेर कुंभेत गेला. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 26,000 च्या खाली होता. 24 सप्टेंबर 2021 ला त्याने 60,000 ओलांडले. तोच शनी आणि तीच मकर रास. अलीकडच्या काळातली सर्वांत जबर पडझड त्याच घरात झाली आणि सर्वांत जोरदार तेजीही त्याच घरात झाली. मग शनीने काय केले म्हणायचे? वहीत पहिली गोष्ट लिहिली होती, दुसरी नव्हती. आमच्या सभासदाने लबाडी केली नव्हती. तो पडझड शोधत होता, त्याला पडझड सापडली.

आणि खरी कारणे शोधायला दुर्बीण लागत नाही. 1992 साली बँकांचा पैसा आडमार्गाने हर्षद मेहता आणि इतर दलालांकडून शेअरबाजारात खेळवला गेला होता. एप्रिलमध्ये ते बिंग फुटले, पैशाचा ओघ आटला आणि भाव कोसळले. 2020 साली महामारीमुळे सबंध देशाचे व्यवहार बंद झाले. आणखी मागे जायचे तर मुंबईची पहिली मोठी शेअरची साथ घ्या. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदांच्या काळात मुंबईत रोज नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवण्याच्या बॅकबे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कैक पटींनी विकले गेले. एप्रिल 1865 मध्ये तिकडे लीने शरणागती पत्करली, कापसाचा भाव उतरला, आणि 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा घेणारे होते, देणारे नव्हते. भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. त्यांची पत्रिका व्हर्जिनियाच्या रणांगणात आणि लिव्हरपूलच्या बाजारात मांडली गेली होती.

कोणी विचारील, “अहो, पण इतके जुळते कसे? काहीतरी असल्याशिवाय का?” याचे उत्तर गणितात आहे, आणि ते आम्ही बोटांवर करून दाखवतो. आपले ग्रह नऊ. केतू नेहमी राहूच्या बरोबर समोर असतो, म्हणून त्याला बाजूला ठेवू. राहिले आठ. आठांच्या जोड्या होतात अठ्ठावीस. प्रत्येक जोडीतले अंतर बारा राशींनी मोजायचे. बुध आणि शुक्र सूर्याचा पदर फार दूर सोडत नाहीत, म्हणून त्यांच्या काही जोड्या कमी होतील. तरीसुद्धा तीनशेवर निरनिराळे योग उरतात. शिवाय कोण कोणत्या राशीत, कोण वक्री, कोण अस्तंगत, नक्षत्र कोणते, हे आहेच. कोणत्याही दिवशी यांतले अठ्ठावीस योग हजर असतातच. तेव्हा कोणतेही दोन दिवस घ्या. निव्वळ योगायोगाने दोन-तीन गोष्टी सारख्या निघणारच. न निघाल्या तरच नवल! आम्ही खात्री करून घेण्यासाठी युनियनच्या रजिस्टरातल्या पाच जुन्या संपांच्या तारखा घेऊन पंचांगाशी ताडल्या. तासाभरात संपाचा योग सापडला. तो आम्ही कोणाला सांगितलेला नाही, नाहीतर व्यवस्थापनाने त्या महिन्यात करार लांबणीवर टाकले असते.

दुसरी गोष्ट, यश मिळालेल्यांची. “अमक्याचे दहाच्या दहा अंदाज खरे ठरले”, असे सांगतात. समजा, एका कारखान्याच्या फाटकावर पाळी सुटताना 1,024 कामगार उभे आहेत. प्रत्येकाने नाणे उडवायचे. काटा पडला तो घरी जाईल, छापा पडला तो थांबेल. पहिल्या खेपेस साधारण 512 राहतील, मग 256, मग 128, आणि असे करता करता दहाव्या खेपेनंतर सरासरीने एक जण उरेल. त्याचे दहाच्या दहा छापे! त्याच्या बोटांत जादू आहे का? नाही. पण उद्या त्याने ‘छापा कसा पाडावा’ याची शिकवणी काढली, तर शिष्य मिळतील. घरी गेलेले 1,023 कोणाला दिसत नाहीत; ते मुलाखत द्यायला येत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ग्रहणाचे भाकीत वर्तवले म्हणून चंद्र आपली वाट बदलत नाही. भावाचे तसे नाही. समजा, मंगळवारी भाव पडणार हे खात्रीने कळण्याची विद्या खरोखरच सापडली. मग लोक मंगळवारची वाट पाहतील काय? सोमवारीच विकतील. मग भाव सोमवारीच पडेल. हे ज्यांना कळेल ते शनिवारी-रविवारी दलालाच्या दारात बसतील. म्हणजे ती विद्या खरी असेल तर पसरताक्षणी खोटी ठरेल. आणि खरी असून ज्याच्याजवळ आहे, तो ती चार-पाच हजार रुपये फी घेऊन तुम्हा-आम्हाला कशाला विकेल? ज्याच्या विहिरीत तेल निघाले, तो दारोदार बाटल्या विकत हिंडत नाही.

फळज्योतिषाची नीट, दोन्ही बाजू मान्य करतील अशी चाचणी कधी कोणी घेतली काय? घेतली, आणि ती आपल्या पुण्यात. 2008 साली कै. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या. त्या सरमिसळ करून ज्योतिषांना दिल्या. कोणती कोणाची एवढेच ओळखायचे. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या तपासून उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण पडले सरासरी 46 टक्के. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास पडले असते. ही चाचणी बाजाराची नव्हती, हे आम्ही कबूल करतो. पण जी विद्या एका मुलाच्या बुद्धीबद्दल सांगू शकत नाही, ती कोट्यवधी माणसांच्या लोभाची आणि भीतीची बेरीज मिनिटाच्या हिशेबाने सांगेल, यावर विश्वास कसा ठेवावा?

आमचे बालपण गिरणगावात गेले. वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आमची शाळा सुटली. त्या चाळीत आकड्याचा नाद होता. पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने येत व त्यांवर पैसे लागत. 1960 नंतर ते थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, म्हणून त्याला मटका म्हणू लागले. आमच्या मजल्यावरचे एक काका रोज संध्याकाळी आम्हांला नाक्यावर पिटाळीत आणि जुन्या आकड्यांचा छापील तक्ता मागवीत. रात्री कंदिलापाशी बसून ते मागच्या कित्येक वर्षांचे आकडे जुळवीत. आडवे, उभे, तिरके. “पोरा, यात एक चाल आहे. ती सापडली की आपण सुटलो,” असे म्हणत. मडक्यातल्या चिठ्ठीला कालची आठवण नसते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आम्हांलाही तेव्हा ठाऊक नव्हते. आज कंदील गेला आणि मोबाइल आला, नाक्यावरचा तक्ता जाऊन संगणकाचा आलेख आला. काका तेच आहेत.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये आकडे प्रसिद्ध केले. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक लहान माणसांपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या घरात, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. हे सगळेच पंचांग पाहणारे होते असे नाही. पण जिथे शंभरांत त्र्याण्णव हरतात, तिथे हरलेल्याला पुन्हा मेजावर बसवणारे काहीतरी लागते. “विद्या बरोबर होती, तुझी वेळ चुकली,” हे वाक्य ते काम करते. या खेळात शिकवणीवाल्याची फी आणि दलालाची दलाली प्रत्येक वेळी वसूल होते.

शेअरबाजाराला आम्ही पाप मानत नाही. 2015 पासून आपल्या भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग बाजारात जातो, तेव्हा कामगारही नकळत भागधारक झाला आहे. त्याने ताळेबंद वाचावा, कंपनीने कामगारांचे देणे थकवले आहे का ते पाहावे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचा सौदा करणाऱ्यालाही आमचा नमस्कार आहे; तो शुभशकुन करतो, हिशेब नव्हे. चोपडीवर स्वस्तिक काढावे, पण स्वस्तिकाची बेरीज खर्चात धरू नये.

मग अशी वही घेऊन कोणी आपल्याकडे आले, तर काय करावे? हसू नये. तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली, भाकीत आधी लिहावे, तारीख घालावी आणि दुसऱ्याच्या हाती ठेवावे. मागाहून आठवलेले भाकीत धरू नये. दुसरी, खरे ठरले त्यासमोर चुकले तेही त्याच शाईने लिहावे. आणि तिसरी, सहा महिने पैसे न लावता नुसते मोजावे, आणि शेजारी नाणे उडवून त्याचीही नोंद ठेवावी. विद्या नाण्यापेक्षा वरचढ ठरली तर पुढचे बोलू.

गेल्या दसऱ्याला ते आमचे सभासद कचेरीत आले. हल्ली एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन आहेत. आम्ही दार लावून घेतले, चहा मागवला आणि त्यांची क्षमा मागितली. मग दोघे त्यांची वही घेऊन बसलो. लाल शाईने फायदे लिहिलेले होते. तोटे मात्र लिहिलेले नव्हते, ते बँकेच्या पासबुकातून काढावे लागले. एकूण नोंदी 74. बरोबर ठरल्या 38, चुकल्या 36. त्यांनी आकड्यांकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “म्हणजे नाणंच की हो. मग साडेआठ लाख गेले कसे?” आम्ही दाखवले की, फायदा झाला की ते लगेच काढून घेत आणि तोटा झाला की ग्रह पालटण्याची वाट पाहत. लहान फायदे, मोठे तोटे, आणि वर प्रत्येक सौद्याला दलाली. ते म्हणाले, “लेथवर असतो तर पहिल्याच कामाला माप घेतलं असतं. इथं मापच घेतलं नाही.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, याहून अधिक आम्हांला काही सांगायचे नाही. हातात माप असलेल्या माणसानेही माप खाली ठेवले, कारण त्याला फार गरज होती आणि जवळ कोणी बसले नाही. आकाशातले ग्रह आपल्या वाटेने जातील. त्यांना आपल्या अकरा लाखांची खबर नाही. पण शेजाऱ्याने वही उघडून “जरा बघता का?” असे विचारले, तर अर्धा तास काढणे आपल्या हाती आहे.